काम सोडा म्हणण्याआधी

मोर्शी तालुक्यात कंबर, गुडघा किंवा खांदा धरला म्हणून उपचाराला येणाऱ्या माणसाला आधीच कुठेतरी एक सल्ला मिळालेला असतो. वाकायचे नाही, खाली बसायचे नाही, ओझे उचलायचे नाही. त्याच्या जोडीला शेक, करंट आणि कमरेचा पट्टा. सांगणाऱ्याच्या मनात रुग्णाचे भलेच असते. पण दिवाळीच्या सुमाराला पऱ्हाटी फुटून शेत पांढरे झालेले असते, संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची तोडणी तोंडावर असते, आणि त्या दिवसांत हा सल्ला पाळायचा म्हणजे वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा सोडायचा. म्हणून तो पाळला जात नाही, आणि दोष मात्र रुग्णाच्या माथी येतो: ऐकतच नाही. या भागात व्यवसायोपचाराचे काम करताना माझे मत पक्के होत गेले आहे की हा सल्ला व्यवहाराच्या आधी शरीरशास्त्राच्याच कसोटीवर अपुरा पडतो. तो अख्ख्या कामाला आरोपी करतो. दुखणे मात्र बहुधा कामातल्या एका ठरावीक हालचालीत, त्या हालचालीच्या एका ठरावीक टप्प्यात दडलेले असते. तो टप्पा सापडला तर उरलेले काम चालू ठेवता येते. आणि तो शोधायचा तर हाडे, सांधे, स्नायू आणि त्यांच्यामागचे यंत्रशास्त्र यांच्याशिवाय दुसरे साधन नाही.

व्यवसायोपचार या शाखेचा जन्मच या विचारातून झाला. भारतात तिचे शिक्षण सुरू केले कमला निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर त्या इथल्याच झाल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली त्यांनी पहिली शाळा काढली. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळू लागले, म्हणजे विदर्भातल्या मुलामुलींना त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही. अभ्यासक्रमात शरीररचना आणि हालचालींचे यंत्रशास्त्र पहिल्यापासून असते, आणि बहुतेक विद्यार्थी ते पास होण्यापुरते करतात. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कोणती नस त्याला चालवते, हे पाठ होते. पण पुस्तकातला माणूस खुर्चीत बसलेला असतो, दाराची मूठ फिरवतो, काट्याने खातो. वऱ्हाडातला माणूस निंदतो, वेचतो, फवारतो, उकिडवा बसतो, भाकर मोडतो. स्नायू दोघांचे सारखेच. त्यांच्यावर पडणारा भार मात्र सारखा नाही, आणि तो भार वाचायचे शिक्षण पुस्तकाबाहेर घ्यावे लागते.

कंबरेपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त तक्रार तिची. पन्नास किलो वजनाची बाई कंबरेतून पुढे वाकते तेव्हा डोके, हात आणि धड मिळून जवळपास तीस किलोंचा भार तिच्या कंबरेच्या मणक्यांपुढे लोंबतो. त्या भाराचा मध्य मणक्यापासून अंदाजे पंचवीस सेंटिमीटर पुढे जातो. त्याला मागून आवरून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या सांध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर आहेत. एक दांडी लांब आणि दुसरी आखूड असलेला हा तराजू आहे. तोल राखायचा तर आखूड बाजूला पाचपट ओढ लागते, म्हणजे दीडशे किलोंच्या आसपास, आणि तेही हातात काहीच नसताना. ही सगळी ओढ मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब होऊन बसते. स्नायूंना उचललेल्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, हे इटलीच्या जोव्हानी बोरेल्लीने मांडले होते. त्याचे पुस्तक १६८० मध्ये, तो वारल्यानंतर निघाले. कल्पना जुनीच आहे. आपण ती कापसाच्या शेतात नेत नाही, एवढेच.

यावर अभ्यासू माणूस हरकत घेईल की हे आकडे कागदावरचे आहेत. खऱ्या शरीरात पोटातला दाब आधार देतो, अस्थिबंध भार वाटून घेतात, प्रत्येकाची ठेवण निराळी. हरकत बरोबर आहे. दीडशे हा आकडा एकशेवीस असेल किंवा एकशेऐंशी. पण दिशा चुकत नाही. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कंबरेच्या चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा पुढे वाकल्यावर तो उभे असतानाच्या दाबापेक्षा पुष्कळ वाढलेला आणि आडवे पडल्यावर अगदी उतरलेला दिसला. उपचारासाठी लागते ते गुणोत्तर. भार शरीराजवळ दहा सेंटिमीटर आणला तर किती फरक पडेल, हे त्या गुणोत्तरावरून सांगता येते.

याच्या पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती फारशी सांगितली जात नाही. फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोन संशोधकांनी १९५५ साली दाखवले की माणूस पूर्ण खाली वाकला की एका टप्प्यावर पाठीचे स्नायू काम करायचे थांबतात. त्यांची विद्युत हालचाल जवळजवळ शून्यावर येते आणि धडाचा भार मणक्यांमागच्या अस्थिबंधांवर लोंबतो. म्हणून पूर्ण वाकून निंदणाऱ्या बाईला वाकलेली असेपर्यंत विशेष दुखत नाही. अस्थिबंध मात्र हळूहळू ताणले जात असतात, आणि ताण सुटल्यावरही ते लगेच मूळ लांबीवर येत नाहीत. तास-दीड तासाने ती झटक्यात उठते, किंवा उठता उठता गवताचा भारा उचलते, त्या क्षणी मणक्याला आवरणारे अस्थिबंध सैल असतात आणि स्नायू नुकते जागे होत असतात. कंबर लचकते ती इथे. ‘वाकू नका’ हा सल्ला या क्षणाबद्दल एक शब्द बोलत नाही. शरीरशास्त्र नेमके बोलते: तासाभराने उठताना आधी गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश सरळ व्हा, दोन-तीनदा मागे झुका, चार पावले चाला, मग ओझ्याला हात लावा. यात मजुरी बुडत नाही. मिनिटभर जातो.

वेचणीत वाकणे निंदणाइतके खोल नसते, पण ओटीत कापूस साठत जातो. ही ओटी कशावर टांगली आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ती गळ्यातून किंवा खांद्यावरून लोंबत असेल तर पाच किलो कापसाचा भार सगळ्या पाठीच्या कण्यातून खाली जातो. वाकल्यावर खांदे कंबरेच्या चाळीसेक सेंटिमीटर पुढे आले तर त्या पाच किलोंसाठी पाठीच्या स्नायूंना आणखी चाळीस किलोंची ओढ लावावी लागते. तीच ओटी खाली, खुब्याच्या हाडांच्या कडेवर घट्ट बांधली तर भार कण्याला बगल देऊन थेट कमरपट्ट्याच्या हाडात आणि तिथून पायांत उतरतो. त्याला सावरायला नितंबाचे स्नायू पुढे येतात, आणि ते शरीरातले सर्वांत दांडगे स्नायू आहेत. कापूस तेवढाच, मजुरी तेवढीच. गाठ वीतभर खाली आली, इतकेच.

वेचणीत कंबरेइतकाच हात राबतो, पण हाताची तक्रार उशिरा बाहेर येते. एका बोंडात साधारण चार-पाच ग्रॅम कापूस निघतो, म्हणजे किलोमागे दोनशे ते अडीचशे बोंडे. दिवसाला वीस किलो वेचले तरी चार हजारांवर चिमटी होतात, दोन्ही हातांत वाटल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन हजार. चिमटीत अंगठ्याचे टोक एक किलोचा जोर लावते तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळच्या सांध्यात, बारा किलोंच्या आसपास दाब पडतो. कूनी आणि चाओ यांनी १९७७ साली केलेला हा हिशेब आहे. अंगठ्याच्या बुडाची झीज उतारवयातल्या बायकांत जास्त दिसते हे सगळ्या जगात माहीत आहे. जिने निम्मे आयुष्य वेचणीत घातले तिचे ते बूड का ठणकते, हे या हिशेबावरून समजते. इथेही उपाय कामातच आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशी तिघांची चिमटी भार वाटून घेते. अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबून ओढले तर सगळा ताण एका सांध्यावर येतो. मनगट वीस-तीस अंश मागे असेल तर बोटे मिटणारे लांब स्नायू योग्य लांबीवर राहतात. मनगट पुढे मुडपले की ते सैल पडतात आणि त्याच बोंडासाठी दुप्पट धडपड करावी लागते. झाड कमरेपेक्षा उंच आणि हात खालून वर घालावा लागत असेल तर मनगट आपोआप मुडपते. तेव्हा झाडाच्या किती जवळ उभे राहायचे, हा प्रश्न मनगटाचाही असतो.

खांद्याचे थोडक्यात सांगतो. हात पूर्ण वर जातो त्या एकशेऐंशी अंशांतले सुमारे एकशेवीस खांद्याच्या सांध्यातून आणि साठ पाठीवरच्या फऱ्याच्या हालचालीतून येतात, हे इन्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली दाखवले. संत्रातोडणीत दिवसभर हात वर ठेवून फरा थकला की त्याच्या वाट्याचे अंश खांद्याच्या सांध्याला भरावे लागतात आणि वरच्या हाडाखाली स्नायूबंध चिरडतो. असा माणूस आला की खांद्यालाच शेक मिळतो. फऱ्याकडे कोणी पाहत नाही. शिडीची एक पायरी वर चढून फळ खांद्याच्या उंचीला आणणे, कोपर वाकवून हात अंगाजवळ ठेवणे, आणि फरा मागे ओढणाऱ्या स्नायूंना सकाळ-संध्याकाळ व्यायाम देणे, हा त्याच्यावरचा विचार करून दिलेला उपाय आहे. मधुमेही माणसाचा आखडलेला खांदा निराळा, आणि त्याला या रांगेत बसवणे चूक ठरते.

गुडघ्याबाबत मात्र ‘खाली बसू नका’ म्हणणाऱ्यांचा पक्ष मजबूत आहे, आणि तो नीट ऐकला पाहिजे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीत, गुडघे वाकवून अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांच्या गुडघ्यांची पुढे जास्त झीज आढळली. बीजिंगमध्ये तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांमध्येही तेच दिसले. तेव्हा उकिडवे बसणे निर्धोक आहे, आपल्या पूर्वजांचे काही बिघडले नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. पण या पुराव्यातून निघते काय? धोका तासांचा आणि भाराचा आहे. शौचाला पाच मिनिटे बसणे आणि निंदणात चार तास बसणे यांना एकाच आज्ञेत बांधता येत नाही. शिवाय भार सर्वांत जास्त कधी असतो हे पाहिले तर पूर्ण खाली बसल्यावर मांडीचा मागचा भाग पोटरीवर टेकतो आणि गुडघ्याचा काही ताण तिथे उतरतो. अवघड असतो तो अर्ध्यावरचा प्रवास, उतरताना आणि विशेषतः उठताना. म्हणून निंदणात दर चार पावलांना अर्धवट उठून पुन्हा बसणाऱ्या बाईला वीतभर उंचीचा, कमरेला बांधून सोबत सरकणारा पाट मिळाला तर गुडघ्याच्या वाटीमागचा दाब बराच उतरेल. बसणेच बंद केले तर काय होते, तेही विसरू नये. जी हालचाल वापरली जात नाही ती जाते. गावातल्या घरात बसायचे शौचालय, चूल आणि पंगत असताना ती हालचाल गेली की माणूस स्वतःच्या घरात दुसऱ्यावर अवलंबून होतो.

‘उकिडवे बसता येत नाही’ म्हणजे गुडघाच बिघडला, ही समजूतही तपासायला हवी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीस निरोगी भारतीयांच्या खाली बसण्याच्या हालचाली मोजल्या होत्या. गुडघा दीडशे अंशांच्या घरात वाकतो असे त्यात दिसले. चालायला साठेक अंश पुरतात, खुर्चीतून उठायला शंभराच्या आसपास. म्हणजे शंभर-एकशेदहा अंश वाकणारा गुडघा दवाखान्याच्या कागदावर ‘चांगला’ ठरतो आणि मोर्शीच्या घरात अपुरा पडतो. पण टाच जमिनीला टेकवून बसायचे तर घोट्यालाही तीसेक अंश पुढे झुकावे लागते. घोटा मोडून प्लॅस्टरमध्ये आखडलेल्या माणसाचा गुडघा अगदी निरोगी असतो, तरी तो मागे कोलमडतो, कारण नडगी पुढे येत नाही आणि शरीराचा मध्य टाचांच्या मागे पडतो. त्याच्या गुडघ्याला महिनाभर करंट दिला तरी तो बसू शकणार नाही. टाचेखाली दोन बोटे जाडीची फळी सरकवली की तो बसतो, आणि दोष कुठे आहे हे तिथल्या तिथे कळते.

अजून एक दुखणे इथे सांगितले पाहिजे, कारण त्यात चूक झाली तर महाग पडते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेवरून पाऊल वर उचलणारी नस जाते. तिथे तिच्यावर कातडीखेरीज फारसे आवरण नाही. तासन्‌तास उकिडवे बसल्यावर ती दबते आणि पाऊल पडते. चालताना बोटे जमिनीला घासतात. परदेशात स्ट्रॉबेरी वेचणाऱ्या मजुरांमध्ये हे पाहिले गेले आहे. घरच्यांना तो लकवा वाटतो. नसेवरचा दाब काढला तर पाऊल बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारते. पण हीच नस, याच जागी, कुष्ठरोगातही धरली जाते. म्हणून विदर्भात पडलेले पाऊल पाहिले की नस बोटांखाली जाड लागते का, कातडीवर कुठे बधिर चट्टा आहे का, हे तपासल्याशिवाय ‘बसण्याने झाले’ म्हणू नये. बसण्याच्या सवयीचा विचार जसा औषध सांगणाऱ्याने करावा, तसा रोगाचा विचार बसण्याबद्दल बोलणाऱ्याने करावा.

कुष्ठरोगाचा विषय निघाला की अमरावतीच्या तपोवनाचे नाव घ्यावेच लागते. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ते उभारले, आणि तिथे रोग्याला दयेवर न ठेवता कामाला लावले. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी त्याच काळात दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे रोगाने गळून पडत नाहीत. संवेदना गेलेला हात कळ न येता भाजतो, घासतो, चिरतो आणि वारंवारच्या जखमांनी झिजतो. आतल्या बारीक स्नायूंची नस गेली की बोटे नखीसारखी वळतात. मग वस्तू पकडताना भार तळव्यावर पसरण्याऐवजी बोटांच्या टोकांवर एकवटतो, तेवढ्याच जोरात दाब कितीतरी वाढतो, आणि दुखत नसल्यामुळे माणूस पकड सैल करत नाही. अशा हाताला काम नको, असे म्हणणे सर्वांत सोपे होते. दांडा जाड करणे, त्यावर कापड गुंडाळणे, गरम भांड्याला लाकडी मूठ बसवणे, रोज संध्याकाळी हात डोळ्यांनी तपासायची सवय लावणे, हे शरीरशास्त्रातून निघालेले उपाय काम राखून हात वाचवतात. माझ्या सगळ्या म्हणण्याला यापेक्षा भक्कम आधार मला दुसरा दिसत नाही.

काही जण विचारतील, शरीर तर सगळीकडे सारखेच, मग मोर्शीचे वेगळे यंत्रशास्त्र कशाला? अंश मोजायचे साधन मुंबईत आणि मोर्शीत एकच आकडा दाखवते. खरे आहे. फरक पडतो तो आकड्याचा अर्थ लावताना. जगभर वापरली जाणारी बार्थेल निर्देशिका १९६५ ची. तिच्यात जेवणाचे गुण देताना तुकडे कापणे आणि लोणी लावणे जमते का, असे पाहिले जाते. लकव्याने उजवा हात गेलेल्या वऱ्हाडी माणसाला लोणी लावायचे नसते. त्याला एका हाताने भाकर मोडायची असते: दोन बोटांनी धरायचे, अंगठ्याने ढकलायचे, उरलेल्या दोन बोटांनी ताटात दाबून ठेवायचे. ही चमच्यापेक्षा कितीतरी बारकाईची हालचाल आहे आणि तिची तालीम तिच्याच वस्तूवर घ्यावी लागते. पाश्चात्त्य पुस्तक सांगते की उजवा गेला तर डावा तयार करा. आपल्याकडे डावा हात शौचासाठी राखलेला. त्याच हाताने जेवायला सांगितले तर अनेक जण पंगत टाळतात, वेगळे बसून जेवतात. ही अडचण अंशांत दिसत नाही, पण उपचार तिथेच अडतो.

दुसरी हरकत रुग्णाकडून येते, आणि ती मला डॉक्टरांच्या हरकतींपेक्षा विचार करायला लावते. दिवसभर राबतो, वरून व्यायाम कशाला? उत्तर असे की काम शरीराला एकाच पट्ट्यात वापरते. वेचणी, निंदण, फवारणी यांत धड पुढे, खांदे पुढे, मान खाली. पुढच्या बाजूचे स्नायू आखूड होतात, मागचे ताणून थकतात. व्यायाम म्हणजे त्या दिवसात न झालेली हालचाल भरून काढणे, मागे झुकणे, हात पाठीमागे नेणे, पालथे पडून डोके उचलणे. मेहनत कमी पडते म्हणून तो द्यायचा नसतो.

आणि शेवटची हरकत, की खरा प्रश्न मजुरीचा आहे. किलोवर पैसे मिळतात तोवर बाई ओटी भरेपर्यंत थांबणार नाही, हाडांचे ज्ञान तिला काय देणार? ही हरकत मला पूर्णपणे खोडता येत नाही, आणि खोडायचीही नाही. व्यवसायोपचार मजुरीचा दर ठरवत नाही. पण कामाचा भार मोजलेला नसेल तर दराच्या बोलाचालीत शरीराची झीज कोणाच्याच हिशेबात येत नाही. आपल्या वेचणीची, संत्रातोडणीची, सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन एका हाताने दांडा मारत केलेल्या फवारणीची मापे अजून पुस्तकात हवी तशी उतरलेली नाहीत. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. अंश मोजायचे साधे साधन, स्प्रिंगचा काटा, बाजूने चित्रण करणारा मोबाइल, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ एवढे पुरेल. नागपूरच्या शिकाऊ विद्यार्थ्यांची एखादी तुकडी त्या काळात इकडच्या शेतांत आली तर पहिल्या वेच्याला आणि तिसऱ्या वेच्याला धड किती अंश झुकते, ओटी कुठे बांधल्यावर किती काळ न थांबता वेचता येते, संत्र्याच्या कोणत्या उंचीला हात खांद्यावर जातो, हे मोजून निघेल. मग उपचाराच्या कागदावर ‘वाकू नये’ याच्या जागी अंश, मिनिटे आणि किलो लिहिता येतील.